सल्लागाराचे दात

माझी बायको त्या माणसासमोर हसली, तिथेच माझं डोकं फिरलं.

हसण्यासारखं तो फारसं बोललाही नव्हता. "कारखान्याने दिलेले पैसे बँकेत आहेत ना, की कुठल्या डब्यात?" एवढंच त्याने विचारलं. त्यावर ही बाई, जी घरी माझ्या चांगल्या चांगल्या विनोदांवर नुसतं "हं" म्हणते आणि भांडी पुसत राहते, ती तोंडावर हात धरून खुदकन हसली. मी शेजारच्याच खुर्चीत होतो. मला त्या खोलीतलं काहीच आवडलं नव्हतं. खिडकीतली कुंडी आवडली नव्हती, पाण्याचे ग्लास झाकून ठेवायची पद्धत आवडली नव्हती, आणि तो माणूस तर मुळीच नाही. माझ्याच वयाचा, पण डोक्यावर दाट केस. आवाज हळू. समोरचं माणूस बोलायला लागलं की हा हातातलं पेन खाली ठेवायचा आणि ऐकायचा.

तो पैशाचा सल्लागार होता. फी घेऊन सल्ला द्यायचा आणि विकायचा मात्र काहीच नाही. ना विमा, ना ठेवी, ना शेअर. "मला कुठल्याही कंपनीकडून कमिशन मिळत नाही, म्हणून फी तुमच्याकडून," हे त्याने आल्या आल्या सांगून टाकलं. काहीच न विकणारा दुकानदार मी जन्मात पाहिला नव्हता. असा माणूस नक्की दुसरंच काहीतरी लांबवत असणार, अशी माझी खात्री झाली.

पण एक गोष्ट माझ्या नजरेला पडली आणि जरा बरं वाटलं. त्याचे वरचे पुढचे चार दात खोटे होते.

हे मला दिसणारच. दात हाच माझा धंदा आहे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, ते माप माझ्या वर्कशॉपमध्ये येतं, आणि मेण-प्लास्टरशी झटापट करून मी त्यावर कवळी उभी करतो. म्हातारी माणसं भाकरीचा तुकडा चावतात आणि आभार डॉक्टरांचे मानतात. असो. तर त्या सल्लागाराचे चार दात म्हणजे मशीनवर कापलेल्या कॅपा होत्या. पांढऱ्याफेक, चारही एका मापाच्या, न्हाणीघरातल्या टाइल्ससारख्या. असलं काम आमच्या भागात एकाच ठिकाणी होतं. माझ्या साडूकडे.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. धंदा तो माझ्या टेबलाशी बसून शिकला आणि पुढे त्याने माझ्याच डोक्यावर मिऱ्या वाटल्या. त्याच्याकडे आता कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आहे. रस्त्याच्या बाजूला काचेचं दार आहे आणि मशीन बरोबर त्या दारासमोर ठेवलंय, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून. मी त्या रस्त्याने जायचं सोडलं. वळसा पडतो, पायही दुखतात, पण ते मशीन फिरताना बघण्यापेक्षा पाय दुखलेले परवडले.

आणि आता माझीही वेळ आली होती. बायको रंगाच्या कारखान्यात शेड जुळवायचं काम करायची. गिऱ्हाईक कापडाची चिंधी नाहीतर मोडक्या खुर्चीचा तुकडा घेऊन यायचं आणि म्हणायचं, हाच रंग पाहिजे. ही तो तुकडा उजेडात धरायची आणि सांगायची, यात थोडा काळा आहे, नखभर पिवळा आहे. कधी चुकली नाही. आता ते काम कॅमेरा करतो म्हणे. कारखान्याने तिचा विभाग बंद केला आणि एकरकमी पैसे देऊन सगळ्यांना घरी पाठवलं. ते पैसे तिच्या खात्यात पडायच्या आधीच माझ्या डोक्यात त्यांचं मशीन झालं होतं. मशीन, शेजारचा रिकामा गाळा आणि काचेचं दार. साडूच्यापेक्षा रुंद.

तिचा शेवटचा दिवस होता, तेव्हा मी दारातच तिच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणालो, "आता कसली काळजी करायची नाही. काय लागेल ते माझ्याकडे मागायचं." ती काही न बोलता न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून आत राहिली. तिला भरून आलं असणार, असं मला वाटलं. मलाही स्वतःबद्दल जरा भरून आलं.

पण कारखान्याने जाता जाता आणखी एक भानगड करून ठेवली होती. प्रत्येकाला एका सल्लागाराची एक भेट फुकट. ही ती फुकटची भेट घेऊन आली आणि पुढची पैसे भरून ठरवूनही आली.

"पैसे देऊन?" मी म्हणालो. "मी आहे की घरात. मला विचार."

"तुम्हालाही बोलावलंय," ती म्हणाली. "दोघांनी यायचं, असं सर म्हणाले."

सर! लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कधी कोणी सर म्हटलं नाही.

तर आम्हा दोघांच्या त्या पहिल्या भेटीत सरांनी विचारलं, "मॅडमचा पगार थांबलाय. समजा, उद्या तुमचं वर्कशॉपही काही महिने बंद पडलं, तर घर कशावर चालेल?"

"बंद का पडेल?"

"तुमचा हात दुखावला तर?"

मी माझ्या अंगठ्याकडे बघितलं. बायकोनेही माझ्या अंगठ्याकडेच बघितलं. थंडीत तो आखडतो, हे तिने त्याला सांगितलेलं दिसत होतं. माझा अंगठा, आणि चर्चा परक्याच्या टेबलावर.

मग त्याने आणखी एक काढलं. आम्हा दोघांचा दवाखान्याचा विमा कारखान्यातर्फे होता. नोकरी संपली तसा तोही संपणार होता. हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. विमा असतो, जसा छताला पंखा असतो, एवढाच मी विचार केला होता. "बाकी काहीही ठरवायच्या आधी हे करून घ्या," तो म्हणाला. "या वयात आठवडाभरसुद्धा विम्याशिवाय राहू नका. कुठली पॉलिसी घ्यायची ते तीन-चार ठिकाणी तुलना करून बघू. मी वाचून अटी समजावून सांगेन, निवडायची तुम्ही."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. म्हणूनच मला ते जास्त झोंबलं.

मी मशीनचा विषय काढला. तो मोडता घालेल आणि मग मला भांडता येईल, अशी माझी तयारी होती. पण त्याने पेन खाली ठेवून सगळं ऐकलं, आणि म्हणाला, "मशीन घेणं चूक नाही. पण मशीनला रोज काम लागतं. तुम्ही ज्या डॉक्टरांचं काम करता, त्यांना विचारून या. कॅपा तुमच्याकडे पाठवाल का, आणि महिन्याला साधारण किती?" शाळेतल्या पोराला गृहपाठ द्यावा तसं.

त्यानंतर आमच्या घरात एक तिसरं माणूस राहायला आलं. जेवताना सर, कपडे वाळत घालताना सर. "सर म्हणतात, घाईने कुठल्याच कागदावर सही करायची नाही." "सर म्हणतात, आजचे शंभर दहा वर्षांनी शंभराचं काम करत नाहीत." मी म्हणालो, "हे मला माहीत नाही होय? मागच्या वर्षीचं प्लास्टर आणि यंदाचं प्लास्टर, भाव मीच देतो ना?" तर म्हणाली, "माहीत होतं तर कधी बोलला का नाहीत?" आणि गुणगुणत आत गेली. गुणगुणत! ती कारखान्यात असताना संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. आता बघावं तेव्हा चेहरा उजळलेला. मला त्या उजेडाचं कारण माहीत होतं, आणि ते मी नव्हतो.

त्याची आणखी एक पद्धत होती. नवरा-बायको आले की दोघांना एकदा वेगवेगळं भेटायचं. तिची पाळी आधी होती. मी बाहेरच्या बाकावर बसलो. भिंतीवर एक कॅलेंडर होतं, त्यातलं एकूण एक सरकारी सुट्टीचं नाव मी वाचून काढलं. आतून तिचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण आवाज थांबत नव्हता. ही बाई इतकं बोलते? मध्येच आवाज थांबला, आणि मग बराच वेळ काहीच नाही. मी उठून दारापर्यंत गेलो. दाराच्या कडीवर हात ठेवला आणि काढून घेतला.

ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते.

"काय झालं?"

"काही नाही. पैशाचंच बोलणं." नाक पुसत ती म्हणाली, "जा तुम्ही. वाट बघतायत."

मी आत गेलो आणि बसायच्या आधीच विचारलं, "ती रडली का?"

"ते त्यांनाच विचारा," तो म्हणाला. "त्यांचं मी तुम्हाला सांगणार नाही. तुमचंही त्यांना सांगणार नाही."

"मी तिचा नवरा आहे."

"म्हणूनच म्हणतो, त्यांना विचारा."

त्याच्या त्या पांढऱ्या टाइल्सकडे बघत मी बसलो. साडूने डाव्या बाजूच्या दाताची कड जरा जास्तच सरळ कापली होती. मी केला असता तर कड किंचित झिजवली असती, वयाला शोभेल अशी. एवढ्या एका विचारावर मी ती भेट काढली.

"तुम्हाला काय हवंय?" त्याने विचारलं.

"मशीन."

"आणि मशीन आल्यावर?"

"मग काय? आलं मशीन."

"दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दुकान उघडलंत. काय दिसतंय?"

मला दिसलं ते असं, की साडू रस्त्यावर उभा आहे, काचेला नाक लावून, आणि तोंड एवढंसं झालंय. मी म्हणालो, "गिऱ्हाईक दिसतंय." त्याने मान डोलावली. त्याचा विश्वास बसला नाही, हे मला कळलं, आणि ते त्याने दाखवलं नाही याचा मला आणखी राग आला.

घरी जाताना मी तिला काही विचारलं नाही. का विचारू? तिला सांगायचं असतं तर तिने मला आधी सांगितलं असतं. मी बसच्या खिडकीतून बाहेर बघत राहिलो, तीही दुसऱ्या बाजूला बघत राहिली.

गृहपाठ मात्र मी केला. त्याला खोटं पाडायचं म्हणून केला. ज्यांच्या कवळ्या मी करतो त्या डॉक्टरांकडे एकेक करत गेलो. एका वयस्कर डॉक्टरीणबाईंचं बरंचसं काम माझ्याकडे असतं. त्यांनी मला खुर्ची दिली आणि सरळ सांगितलं, "कॅपा मी तुमच्या साडूकडे टाकते, त्याचं बरं चाललंय. तुम्ही कशाला त्यात पडता? कवळी करणारा हात आता मिळत नाही हो. तुम्ही मशीनशी खेळत बसलात तर माझ्या म्हाताऱ्यांनी कुणाकडे जायचं?" दुसऱ्याने "बघू, बघू" म्हटलं. तिसऱ्याने तर विचारलं, "साडूपेक्षा स्वस्त द्याल का?" चौथ्याकडे मी गेलोच नाही.

त्या दिवशी मी घरी उशिरा पोचलो, चपला काढल्या आणि तडक वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

"काय म्हणाले डॉक्टर?" बायकोने विचारलं.

"तयार आहेत," मी म्हणालो. "बऱ्यापैकी."

"बरं," ती म्हणाली.

शेवटच्या भेटीच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मिशीला कलप लावला. बायकोने माझ्याकडे एक नजर टाकली. तिचा तो कारखान्यातला डोळा. "कोळसा झालाय," म्हणाली आणि पर्स उचलून पुढे निघाली. मी तिच्या मागे, मिशी रुमालाने पुसत.

सल्लागाराने आम्हाला समोरासमोर बसवलं, खुर्च्या वळवून. "आज एक वेगळं करू," तो म्हणाला. "मी एकाबद्दल विचारेन, उत्तर दुसऱ्याने द्यायचं. ज्याच्याबद्दल आहे, त्याने मध्ये बोलायचं नाही. काय चुकलं, काय बरोबर, ते शेवटी." आणि त्याने मला आधी धरलं. "नोकरी सुटल्यावर मॅडमना सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?"

सोपं होतं. "माझ्या तब्येतीची," मी म्हणालो. "अंगठा बघताय ना? शिवाय घरात वेळ कसा जाईल याची."

"आणि या पैशातून त्यांना स्वतःसाठी काय हवंय?"

"तिला स्वतःसाठी काही नको असतं," मी म्हणालो. हे मी अभिमानाने म्हणालो. "साधी आहे ती. आजवर माझ्याकडे कधी काही मागितलं नाही."

बायको माझ्याकडे बघत होती. मध्ये बोलायचं नव्हतं. नियमच तसा होता.

मग तो तिच्याकडे वळला. "यांना मशीन का हवंय?"

"यांच्या साडूंकडे आहे म्हणून."

"काय म्हणून?" मी खुर्चीतून उठलोच. सल्लागाराने पेन ठेवलं आणि तळहात वर केला. रागावून नाही, नुसता वर केला. मी बसलो.

"डॉक्टरांनी काम द्यायचं कबूल केलंय का?"

"ते म्हणतील केलंय," ती म्हणाली. "पण केलेलं नाही. केलं असतं तर चपला काढायच्या आधी मला सांगितलं असतं. त्या दिवशी यांनी पेपर वाचायला घेतला. आणि पेपर आदल्या दिवशीचा होता."

तिच्याकडे बघावं लागू नये म्हणून मी कुंडीकडे बघत होतो.

"आणि भीती? यांना भीती कशाची वाटते?"

तिने मांडीवरची पर्स सरळ केली. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागली. "माझा पगार महिन्याच्या महिन्याला यायचा. यांचे पैसे डॉक्टरांच्या मर्जीवर, कधी आले, कधी नाही आले. ते यांना फार लागायचं. बोलले कधी नाहीत, पण माझ्या पगाराच्या दिवशी यांचं डोकं दुखायचं. दर महिन्याला. आपल्याला घरात किंमत उरणार नाही, अशी यांना भीती वाटते. आता माझा पगार थांबलाय. तर आता मी यांच्याकडे मागावं, याची हे वाट बघतायत."

ते खोटं आहे असं मला म्हणायचं होतं. तोंडही उघडलं. पण त्या शेवटच्या दिवशी तिच्या हातातली पिशवी घेताना मला किती बरं वाटलं होतं, ते मला आठवलं. इतकं बरं मला लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

"यातलं काय चुकलं?" सल्लागाराने मला विचारलं.

"पेपर आदल्या दिवशीचा होता हे मला माहीत नव्हतं," मी म्हणालो.

"आणि मॅडम, यांचं उत्तर?"

"तब्येतीची काळजी आहे," ती म्हणाली. "ती असणारच. पण भीती वेगळी." ती आता माझ्याकडे बघत होती. "मी शाळा संपल्यापासून कमावतेय. साबण संपला तर साबण आणला. बहिणीकडे जावंसं वाटलं तर तिकीट काढलं. तुम्ही म्हणालात, माझ्याकडे मागायचं. तुम्ही दिलं असतं, मला माहितेय. नाही म्हटलं नसतं. पण उद्या साबणासाठी तुमच्यासमोर उभं राहून हात पुढे करायचा, आणि तुम्ही खिशात हात घालेपर्यंत थांबायचं, या नुसत्या विचाराने मला झोप लागत नाही."

म्हणजे नळ त्यासाठी सोडला होता. मी बाहेर उभा राहून स्वतःवर खूश होत होतो, आणि आत ही रडत होती.

सल्लागाराने मग सगळं मांडून सांगितलं. आधी विमा, तो ठरलाच होता. मग काही महिन्यांचा घरखर्च बाजूला, हात लावायचा नाही असा, माझा अंगठा कधी रुसला तर. उरलेल्यातला मोठा भाग अशा ठिकाणी, की तिच्या खात्यात महिन्याच्या महिन्याला पैसे येतील, आणि एक भाग लांबच्या मुदतीला, वाढायला, म्हणजे महागाई पुढे पळाली तरी फार मागे पडायला नको. कुठे बुडण्याचा धोका किती, कुठे पैसे अडकून राहतील, हेही त्याने लपवलं नाही. "मशीन यातून घ्यावं असं मी म्हणणार नाही," तो म्हणाला. "मशीन वाईट म्हणून नाही, त्याला काम नाही म्हणून. पण पैसे मॅडमचे आहेत. निर्णय त्यांचा."

"मला यांचं मत हवंय," बायको म्हणाली.

"त्याची गरज नाही. त्यांची सहीसुद्धा लागत नाही."

"तुम्हाला लागत नाही," ती म्हणाली. पहिल्यांदाच ती त्याच्याशी जरा तुटकपणे बोलली. "मला लागते. यांच्या मनात नसेल तर मी नाही करणार."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. एक शब्द पुरला असता. नाही म्हटलं असतं तर तिने ऐकलं असतं, घरी येऊन स्वयंपाकाला लागली असती, पुन्हा हा विषय काढला नसता. मशीन आलं असतं. काचेचं दार आलं असतं. आणि महिन्याच्या सुरुवातीला ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली असती.

"ठेव तुझ्या नावावर," मी म्हणालो. "महिन्याच्या महिन्याला तुझ्या खात्यात येऊ देत. कशावर खर्च केलेस ते मला सांगायचीही गरज नाही." हे शेवटचं वाक्य घशातून काढताना मला फार त्रास झाला, ते मी मुळीच लपवत नाही.

"आणि मशीन?"

"मशीन गेलं खड्ड्यात."

तिने सह्या केल्या. एकेक कागद वाचून, शांतपणे. सल्लागार आम्हाला जिन्यापर्यंत सोडायला आला, माझा हात हातात घेतला आणि हसला. चारही टाइल्स दिसल्या.

जिना उतरताना मी पुढे होतो, ती मागे. पहिल्या वळणावर मला राहवेना. "सगळं त्याला सांगितलंस. सगळं. मला एक अक्षर नाही."

"त्यांनी विचारलं," ती म्हणाली.

मी दोन पायऱ्या उतरलो. "मला त्याचा हेवा वाटतो," मी म्हणालो. तिच्याकडे पाठ होती म्हणून म्हणता आलं. "मशीनचा जितका वाटत होता ना, त्याहून जास्त."

मी वळलो. ती कठडा धरून उभी होती, आणि तिचे खांदे हलत होते. आता ही रडते की काय, म्हणून मी घाबरून वर गेलो. तर ती हसत होती.

"त्यांचे पुढचे दात बघितलेत?" तिने हळूच विचारलं, वर दाराकडे बघत. "तुमच्या साडूंकडचे आहेत ना? रंग साफ चुकलाय. बाकीचे दात चहाने पिवळे पडलेत, आणि मध्ये हे चार रोगण मारल्यासारखे. माणूस हसला की मला वाटतं, कुणीतरी दिवा लावला. आपण दोघं आलो त्या पहिल्या दिवशी मी त्यांच्यासमोर हसले ना, ते त्याच्यामुळे. मला आवरेना."

"त्याला सांगितलंस हे?"

"छे! हे त्यांना कसं सांगणार? हे तुम्हाला सांगायचं म्हणून पहिल्या दिवसापासून ठेवलंय. पण तुम्ही सारखे फुगलेले."

मला इतकं हसू आलं की पायरीवर बसावं लागलं. इतके दिवस ते चार दात मी एकट्याने बघत होतो, चोरासारखा, आणि ही शेजारच्या खुर्चीत बसून तेच बघत होती. पूर्वी, मी धंद्यात नवा असताना, कवळीची शेड तीच ठरवायची. खिडकीशी उभी राहून, दात उजेडात धरून. मग छापील शेडची पट्टी आली आणि मी तिला विचारायचं सोडलं. कधी सोडलं, तेही मला आठवेना. हसता हसता ते आठवायला लागलो आणि हसणं थांबलं.

ती माझ्या शेजारी पायरीवर बसली. पर्स मांडीवर घेऊन.

"मग," मी म्हणालो. प्रश्न साधाच होता, पण तो विचारताना मी बोटाने पायरीवरची धूळ पुसत होतो. "आता उद्यापासून तू काय करणार आहेस? म्हणजे, तुला काय करायचंय?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं, उजेडात धरून रंग बघावा तसं. मग म्हणाली, "सांगते. पण मध्ये बोलायचं नाही."

आणि ती सांगायला लागली. खाली रस्त्यावर आमची बस येऊन निघून गेली, तरी ती सांगत होती. मी दोनदा मध्ये बोललोच. दोन्ही वेळा तिने तळहात वर केला, मी गप्प बसलो, आणि ती पुढे सांगत राहिली.